मुलाने विचारावे म्हणून : मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांच्या रीती

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती फार विरळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एका टक्क्याहूनही थोडी कमी होती, आणि तिचा मोठा भाग मुंबई, वसई, पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या पट्ट्यात राहतो. मराठवाड्याच्या या टोकाला एखाद्या गल्लीत एक, फार तर दोन ख्रिस्ती घरे असतात, आणि तालुक्याच्या गावाहून चर्चला जायचे तर अनेकांना एसटी धरावी लागते. वसईतल्या मुलाला आपल्या धर्माचे वातावरण रस्त्यावर, बाजारात आणि शाळेत आपसूक मिळते. देगलूर किंवा निलंग्यातल्या मुलाला ते केवळ घरात मिळते. म्हणून येथे घर हीच मुलाची पहिली ‘मंडळी’ ठरते. चर्चमध्ये एकत्र येणाऱ्या भाविकांच्या समुदायाला मराठी ख्रिस्ती बोलीत मंडळी म्हणतात.

अशा घरात मूल दोन-तीन वर्षांचे झाले, की आई-वडिलांपुढे प्रश्न उभा राहतो, की वर्षभर कोणत्या रीती पाळायच्या, कोणत्या नव्याने सुरू करायच्या आणि कोणत्या आजी-आजोबांकडून घ्यायच्या. या प्रश्नाचे तयार उत्तर हल्ली मोबाइलच्या पडद्यावर मिळते आणि ते बहुधा परदेशी घरांतले असते: मोजे टांगणे, सांताक्लॉजच्या नावाने भेटी ठेवणे, कापसाचा बर्फ पसरणे. यात वाईट काही नाही. मात्र मराठवाड्यातील मुलाने बर्फ पाहिलेला नसतो आणि घरात शेकोटीचे धुराडे नसते, त्यामुळे या रीतींविषयी त्याने काही विचारले तर आई-वडिलांपाशी सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना पवित्र असलेल्या भागात, परंपरेचे प्रयोजन नेमके याच प्रश्नाशी जोडलेले आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सणाचे नियम सांगताना असे गृहीतच धरले आहे, की मुले मोठ्यांना या विधीचा अर्थ विचारतील आणि मोठ्यांनी त्यांना मिसरमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची हकीकत सांगावी. ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले आहेत आणि त्याचेही कारण तेच दिले आहे: पुढे मुले विचारतील, की हे धोंडे कशाचे. म्हणजे आधी डोळ्यांना दिसणारी, हातांना लागणारी वस्तू, मग मुलाचा प्रश्न आणि त्यानंतर गोष्ट, असा हा क्रम आहे. उपदेशाने सुरुवात केली तर हा क्रम उलटा होतो, आणि तीन वर्षांच्या मुलाजवळ उपदेश ऐकण्याइतका धीर नसतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही या विषयाकडे बारकाईने पाहिले आहे. बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली कौटुंबिक रीतींवरील ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला, आणि त्यात दिनक्रम व विधी असा भेद केला. दिनक्रम म्हणजे करायलाच हवे असे काम, जे झाले की विसरले जाते. विधी म्हणजे असे कृत्य, की ज्यातून कुटुंबाला आपण कोण आहोत हे कळते आणि जे चुकले तर चुटपुट लागते. रात्रीचे जेवण हा दिनक्रम आहे, पण त्याच जेवणाआधी सगळ्यांनी क्षणभर हात जोडले की तो विधी होतो. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, ही गोष्ट लातूरसारख्या शहरात विशेष मोलाची आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे तेथे दहावी-बारावीची मुले पहाटेपासून शिकवणी वर्गांत अडकलेली असतात, आणि घरातला थोरला मुलगा वर्गाहून परतेपर्यंत धाकटी पुष्कळदा झोपी गेलेली असते. दोघे एकत्र सापडण्याची एकच वेळ बहुधा उरते आणि ती ताटावरची असते.

जेवणाआधी श्लोक म्हणण्याची रीत मराठी घरांना आणि शाळांना नवी नाही, त्यामुळे ख्रिस्ती घरातल्या या प्रार्थनेत शेजाऱ्यांना परके असे काही वाटत नाही. लहान मुलासाठी ती दोन वाक्यांपेक्षा मोठी नसावी, रोज त्याच शब्दांत असावी, आणि त्यात ज्याने ज्वारी पिकवली आणि जिने भाकरी थापली त्यांचा उल्लेख असावा. अमूर्त देवापेक्षा तव्यावरून उतरलेली भाकरी मुलाला आधी समजते. रात्री झोपण्यापूर्वीची ‘कौटुंबिक प्रार्थना’ हा जुन्या मराठी ख्रिस्ती घरांचा कणा होता: एक भजन, पवित्र शास्त्रातला लहानसा उतारा आणि प्रार्थना असे तिचे रूप असे. आता तिची जागा पुष्कळ ठिकाणी दूरदर्शन मालिकांनी घेतली आहे, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. ती पुन्हा सुरू करायची तर आजीला मध्ये बसवून, पेटी नसेल तर नुसत्या टाळ्यांवर एक कडवे म्हणून, पाच मिनिटांत संपवावी. चाल मुलाच्या कानात आधी बसते आणि शब्दांचा अर्थ दोन-चार वर्षांनी उमगतो. मराठी भजनाची परंपरा याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या आली आहे.

ही परंपरा ख्रिस्ती घरांनी अलीकडे उसनी घेतलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते ओवी छंदात होते, आणि ते चर्चमध्ये व घरांत मोठ्याने वाचले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली, आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्यांसाठी पदे रचली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर शेकडो भजने लिहिली; मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाशीही त्यांचा संबंध होता. आई-वडिलांनी मुलाला परदेशी चालीवरची चार गाणी शिकवावीत, पण त्याबरोबर टिळकांचा एखादा अभंगही शिकवावा, कारण वारकऱ्यांच्या भजनात शेजारच्या घरी तोच छंद ऐकणारे मूल आपल्या घरातला अभंग चटकन ओळखते.

मराठवाड्याचा स्वतःचा वारसा याहून थोडा निराळा आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, औरंगाबादेत रतनजी नवरोजी या पारशी धर्मांतरिताने दीर्घकाळ काम केले, आणि दक्षिणेकडे बीदर हे मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच मोडत, त्यामुळे तेथील जुन्या कुटुंबांचे नातेगोते कर्नाटक-तेलंगणात पसरलेले आहे आणि विकाराबादजवळच्या धारूरच्या मेथडिस्ट जत्रेची आठवण काही घरांत आजही निघते. कॅथलिकांसाठी १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश, स्थापन झाला. येथील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या समाजांतून आले होते. हलगी आणि ढोलकी त्यांच्या हातची वाद्ये होती. एखाद्या घरात आजोबांना हलगीचा ठेका येत असेल, तर नाताळच्या गाण्यांना तो धरला जावा आणि नातवाच्या हातीही टिपरू दिले जावे. ज्या वाद्यापायी एकेकाळी अवहेलना सोसावी लागली, ते आनंदाच्या उपासनेत मानाने वाजते, याहून मोठी शिकवण मुलाला दुसरी कोणती मिळणार?

वर्षातला सगळ्यात भरगच्च काळ नाताळचा असतो, आणि त्याची सुरुवात आगमनकाळाने होते. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या काळात, जो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच्या रविवारी सुरू होतो, ख्रिस्ताच्या जन्माची वाट पाहायची असते. लहान मुलाला वाट पाहणे सर्वांत अवघड जाते. जर्मनीतल्या हँबुर्गजवळ अनाथ आणि गरीब मुलांसाठी संस्था चालवणारे योहान हिनरिख विखेर्न यांना मुले रोज विचारत, की नाताळ केव्हा येणार. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज जगभर दिसणारे आगमनकाळाचे मेणबत्त्यांचे कडे त्या चाकातून आले, म्हणजे मुलांच्या एका प्रश्नातून आले. नांदेडच्या एखाद्या घरात पितळी ताटात चार पणत्या ठेवून दर रविवारी एक वाढवत नेली, तरी तेच काम होते. दिवाळीतल्या पणत्या उरलेल्या असतातच. तसेच ताऱ्याचे. ख्रिस्ती घरांवर लागणारा कागदी तारा आणि शेजारच्या घरांवरचा आकाशकंदील यांची खूण वेगळी असली, तरी कामट्या, खळ आणि पतंगी कागद एकच असतात, आणि वडिलांनी मुलाला शेजारी बसवून खळ लावू दिली, तर विकत आणलेल्या प्लॅस्टिकच्या ताऱ्यापेक्षा तो वाकडा तारा त्याला कितीतरी जास्त आपला वाटतो.

गव्हाणीची, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याची, रीत असिसीच्या संत फ्रान्सिसांपर्यंत मागे जाते. त्यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी खऱ्या बैलासह आणि गाढवासह नाताळचा प्रसंग उभा केला, कारण येशूच्या जन्मातली गरिबी डोळ्यांनी दिसावी अशी त्यांची इच्छा होती. मराठवाड्याला या दृश्यासाठी काहीही आयात करावे लागत नाही. गोठा, कडबा, गव्हाण, मेंढ्या आणि मेंढपाळ येथल्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातले आहेत, आणि बैल तर त्याने स्वतः घडवलेला असतो. पोळ्याला काळ्या चिकणमातीचे बैल करून त्यांची मिरवणूक काढण्याची हौस गावातल्या सगळ्याच मुलांना असते. तीच माती, तोच हात, फक्त चार महिन्यांनी त्याच बैलांना गव्हाणीजवळ जागा मिळते. माती भिजवताना तिच्यात थोडा कापूस किंवा भुसा कालवला तर सुकताना तडे जात नाहीत. बैलाचे एक शिंग मोडले तर ते चिकटवायचे नसते. मुलाला दरवर्षी त्या शिंगाची हकीकत सांगायची असते.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत याच सुमारास येळवस येते. मार्गशीर्ष अमावास्येला, ज्वारीचे पीक शेतात उभे असताना, सगळे गाव रानात जाते. शहरातली दुकानेही त्या दिवशी ओस पडतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटीशी झोपडी, उभारतात, तीत पांडव मांडून पूजा करतात, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि खीर असे जेवण वाढतात. २०१९ साली ही अमावास्या २५ आणि २६ डिसेंबरला आली, म्हणजे नाताळ आणि येळवस एकमेकांना चिकटून होते. ख्रिस्ती घरांनाही शेजारी आग्रहाने बोलावतात. पूजेत भाग घ्यावा की नाही याबद्दल समाजात एकमत नाही, आणि तो निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने घ्यायचा आहे. पण निमंत्रण टाळून मुलाला घरात बसवणे हे बरे दिसत नाही आणि बायबलमधील शेजारधर्माशीही जुळत नाही. तेथे काय चालले आहे, आपण कशात सामील होतो आणि कशात नाही, हे मुलाला सरळ, कोणालाही कमी न लेखता सांगितले, तर त्याच्या मनात गोंधळ राहत नाही. शिवाय रानातली ती कोप पाहिलेल्या मुलाला बेथलेहेममध्ये जागा न मिळालेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

या आमंत्रणाची परतफेड नाताळच्या फराळाने होते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि अनारसे हा मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळासारखाच असतो, आणि विणलेल्या रुमालाने झाकलेली ताटे घेऊन शेजारी जाण्याचे काम लहानांकडे द्यावे. चार वर्षांच्या मुलाला ते ताट दोन्ही हातांनी धरून उंबरा ओलांडताना जी जबाबदारी वाटते, ती त्याला पुढे आयुष्यभर लक्षात राहते. शेजारीण ताट रिकामे परत देत नाही, निदान साखरेची चिमूट तरी त्यात घालते. नांदेडमध्ये हे ताट हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि हुजूर साहिबच्या परिसरातल्या शीख घरांपर्यंत जाऊ शकते, आणि ख्रिस्ती मुलाला आपण थोडे आहोत, पण एकटे नाही, हे शब्दांवाचून कळते.

नाताळाइतकी तयारी पुनरुत्थानाच्या सणाची, म्हणजे ईस्टरची, होत नाही, याबद्दल मात्र खंत वाटते, कारण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तो आहे. त्याआधीच्या ४० दिवसांना उपवासकाळ म्हणतात. कॅथलिक त्यास प्रायश्चित्तकाळ म्हणतात. या दिवसांत लहान मुलाला उपाशी ठेवायचे नसते. पण घरातल्या एका बरणीत रोज मूठभर तांदूळ किंवा ज्वारी टाकू द्यावी आणि सणाआधी ती एखाद्या गरजू घरी त्याच्याच हाताने द्यावी. मूठ टाकण्याचा आवाज हाच त्याचा उपवास. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण म्हणून मिरवणुकीत झावळ्या घेतात, आणि शुभ शुक्रवारी येशूच्या मरणाचे स्मरण होते. क्रुसाची गोष्ट तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगताना यातनांचे वर्णन करू नये. येशूचे मित्र दुःखी झाले आणि आई जवळ उभी होती, एवढे त्याला पुरते. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे चर्चच्या गणनेप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार असतो, आणि मराठवाड्यात तोवर उन्हाने अंग पोळू लागलेले असते. म्हणून पहाटेची उपासना ही येथल्या हवेला साजेशी रीत आहे. पुष्कळ मंडळ्या ती दफनभूमीत करतात: आदल्या दिवशी कबरी झाडून, गवत उपटून, त्यांवर झेंडूची फुले वाहतात आणि उजाडताना भजने म्हणतात. आजोबांच्या कबरीवर फूल ठेवणाऱ्या मुलाला मरण ही लपवून ठेवण्याची गोष्ट वाटत नाही.

लातूर जिल्ह्याला मरणाची एक सामुदायिक आठवणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. तेव्हा लहान असलेली पिढी आज आई-बापांच्या वयात आहे. त्या दिवशी संध्याकाळी घरात एक पणती लावून गेलेल्यांची नावे घ्यावीत आणि वाचलेल्यांसाठी प्रार्थना करावी. लातूरकर ख्रिस्ती कुटुंबांनी सुरू करण्याजोगी ही नवी रीत आहे आणि ती कोणत्याही देशातून आणलेली नाही.

सुगीच्या दिवसांत काही ग्रामीण मंडळ्या कापणीचा सण पाळतात. सोयाबीन, तूर, ज्वारी, भोपळा, कोंबडी, जे घरी असेल ते वेदीपुढे आणायचे आणि उपकारस्तुती करायची, असे त्याचे साधे रूप आहे. शहरात राहणाऱ्या, शेत नसलेल्या कुटुंबाने बाल्कनीतल्या कुंडीतली मेथीची जुडी नेली तरी चालते, फक्त बी मुलाने पेरलेले असावे.

एका घरात इतके सगळे करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी एखादी गोष्ट धरावी, आणि ती सलग तीन वर्षे निभावली तरच दुसरी जोडावी, कारण लहान मुलाच्या हिशेबी दोनदा घडलेली गोष्ट ‘नेहमीची’ होते, आणि नेहमीची गोष्ट मोडली की त्याचा आई-वडिलांच्या शब्दावरचा भरवसाही थोडा कमी होतो. ज्या घरात आई-वडिलांपैकी एकच ख्रिस्ती आहे किंवा दोघे वेगवेगळ्या मंडळ्यांतून आले आहेत, तेथे हे ठरवताना दोन्हीकडच्या आजींना विचारावे. एकीकडचा पाळणा आणि दुसरीकडची नाताळची करंजी एकाच घरात सुखाने नांदतात.

६ जानेवारीला, पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या भेटीच्या सणाला, गव्हाणी आवरायची असते. कडबा शेजारच्या गाईपुढे टाकावा. मातीचे बैल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवावेत आणि बाळाची मूर्ती कोणत्या कप्प्यात ठेवायची ते मुलालाच ठरवू द्यावे. पुढच्या नोव्हेंबरात ती शोधून काढताना घरात सगळ्यात आधी त्यालाच आठवते, की ती आईच्या लुगड्यांच्या घडीखाली आहे.